देवी आणि गोवर वेगळे ओळखणारे अल्-राझी

तापलेल्या मुलाच्या अंगावर पुरळ उठले, की ही देवी की गोवर, या प्रश्नाने शतकानुशतके आईबापांच्या काळजाचा थरकाप उडत असे. या दोन आजारांतील फरक लक्षणांनिशी सविस्तर मांडण्याचे श्रेय अबू बक्र अल्-राझी या पर्शियन वैद्याला दिले जाते. इ. स. ८६५च्या सुमारास आजच्या तेहरानजवळील रे नगरात त्यांचा जन्म झाला. पुढे रे व बगदाद येथील रुग्णालयांचे ते प्रमुख झाले.

या दोन आजारांवरचा त्यांचा अरबी ग्रंथ छोटासाच आहे. पुरळ उठण्यापूर्वी काय पाहावे, हे त्यात नोंदवले आहे. सतत ताप, नाकात खाज, झोपेत दचकणे ही पूर्वचिन्हे. त्यातही पाठदुखी देवीत अधिक, तर मळमळ आणि अस्वस्थता गोवरात अधिक. देवीच्या फोडांनी दृष्टी जाऊ नये म्हणून डोळ्यांची विशेष निगा राखण्यास ते सांगत.

रक्त आंबल्याने हे रोग होतात, ही त्यांची समजूत पुढे चुकीची ठरली. निरीक्षण मात्र टिकले. गॅलेनसारख्या आचार्याच्या मतांवरही शंका घेणारा ग्रंथ त्यांनी लिहिला, तसेच जवळ वैद्य नसलेल्या सामान्यांसाठी पुस्तकही. उतारवयात त्यांची दृष्टी गेली. ९२५च्या सुमारास रे येथेच त्यांचे निधन झाले.

१९८० मध्ये देवीचे जगातून उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. गोवर मात्र लस असूनही मुलांचे बळी घेतो. म्हणूनच पुरळाकडे काळजीपूर्वक पाहण्याचा अल्-राझींचा धडा आजही शिळा झालेला नाही.