आधी छेद सारखा करा!

मित्रांनो, एक पंचमांश, एक चतुर्थांश, एक तृतीयांश, एक द्वितीयांश आणि एक षष्ठांश यांची बेरीज किती? कॅल्क्युलेटर खाली ठेवा! हे गणित कुठल्या एन्ट्रन्सच्या पुस्तकातलं नाही. ते सन 1150 मधलं आहे. उत्तर 29/20. गणित घालणारे गुरुजी म्हणजे भास्कराचार्य.

त्यांचा जन्म शके 1036, म्हणजे इ.स. 1114 चा. गाव सह्याद्रीच्या आश्रयाचं, विज्जडविड. वडील महेश्वर हे स्वतः ज्योतिषी आणि तेच त्यांचे गुरू. म्हणजे घरातच क्लास! वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' पूर्ण केला. त्याचे चार भाग : लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. पुढे 1183 मध्ये, एकोणसत्तर वर्षांचे असताना, 'करणकुतूहल' लिहिलं. आपल्याला सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल पूर्ण करताना घाम फुटतो, आणि हे गृहस्थ एकोणसत्तराव्या वर्षी ग्रहांची गणितं सोपी करून लिहीत बसले होते!

लीलावती या नावाची गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. मुलीचं लग्न, घटिकापात्रात पडलेला मोती, चुकलेला मुहूर्त वगैरे. गोष्ट सुंदर आहे, पण ती आपल्याला कळते अकबराच्या दरबारातल्या फैजीने 1587 मध्ये केलेल्या फारसी भाषांतरातून, म्हणजे मूळ ग्रंथानंतर चारशेहून जास्त वर्षांनी. म्हणून ती बाजूला ठेवू. ग्रंथात जे आहे ते कमी गोड नाही. त्यात शिकणाऱ्याला लाडाने हाका मारून गणितं विचारलेली आहेत. भुंग्यांचा थवा आहे. पाचवा हिस्सा कदंबावर, तिसरा हिस्सा दुसऱ्या फुलावर, या दोन हिश्श्यांच्या फरकाची तिप्पट तिसऱ्या फुलावर आणि एकटाच भुंगा हवेत भिरभिरतोय. एकूण भुंगे पंधरा. करून बघा!

आता मुद्द्याचं. छेद वेगळे असलेले अपूर्णांक मिळवायचे तर भास्कराचार्य म्हणतात, एकाच्या छेदाने दुसऱ्याचा अंश आणि छेद दोन्ही गुणा. हीच आपली शाळेतली रीत. पण पुढे ते हुशार विद्यार्थ्यासाठी शॉर्टकटही देतात. छेदांना सामाईक अवयवाने आधी भागून घ्या, मग गुणा. त्यांचंच उदाहरण बघा : 1/14 मधून 1/63 वजा करायचे. सरळ गुणाकार केला तर छेद येतो 882. पण 14 आणि 63 या दोघांना 7 ने भाग जातो, उरतात 2 आणि 9. मग 9/126 वजा 2/126, म्हणजे 7/126, म्हणजेच 1/18. झालं! ही रीत त्यांनी शोधली असं मात्र नाही. ब्रह्मगुप्तांनी 628 मध्येच अपूर्णांकांचे नियम दिले होते. भास्कराचार्यांचं मोठेपण हे, की त्यांनी ती पोरांना कळेल अशी मांडली.

आणि असं करायचं का? त्याचं उत्तर मला त्यांच्या कंजूष माणसाच्या गणितात मिळालं. एक कंजूष भिकाऱ्याला द्रम्माच्या अर्ध्याच्या दोन तृतीयांशाच्या तीन चतुर्थांशाच्या एक पंचमांशाच्या सोळाव्या हिश्श्याचा पाव हिस्सा देतो. हिशेब केला की येतो 1/1280 द्रम्म. वीस कवड्यांची काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म. म्हणजे त्या महाभागाने दिली फक्त एक कवडी! गंमत सोडा, पण बघा : पण, काकिणी आणि कवडी एकत्र मोजायची असतील तर सगळ्यांची कवडीच करावी लागते. अपूर्णांकांचं तसंच आहे. छेद म्हणजे तुकडा केवढा, अंश म्हणजे तसे तुकडे किती. तुकडे एका मापाचे झाल्याशिवाय मोजायचे कसे?

मी कॉन्व्हेंटवाला. माझ्या तोंडी डिनॉमिनेटर आणि एलसीएम. विंगमधला एक मित्र जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेला, तो छेद आणि लसावि म्हणतो. फर्स्ट इयरला त्याचं गणित माझ्यापेक्षा पक्कं होतं, पण वर्गात तो तोंड उघडत नसे. मराठी शब्द निघाला की मागच्या बाकावर खसखस पिकायची. एका सेमिस्टरला तर त्याने बॅग भरली होती. लीलावतीत समच्छेद हा शब्द वाचला तेव्हा मी पुस्तक घेऊन त्याच्याच रूमवर गेलो. ज्या शब्दाला लोक हसत होते तो पावणेनऊशे वर्षांचा निघाला! आज तो आमच्या विंगला एम-थ्री शिकवतो, आणि छेदाला छेदच म्हणतो.

भास्कराचार्यांच्या घरातही शिकवणं थांबलं नाही. मुलगा लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपालाने पाटणहून बोलावून नेलं. नातू चांगदेव राजा सिंघणाचा मुख्य ज्योतिषी झाला. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने चाळीसगावजवळच्या पाटण इथे मठ काढला. त्याच्या देणगीचा 1207 चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. त्यातला काही भाग चक्क जुन्या मराठीत आहे.

मठ राहिला नाही, शब्द राहिले. तेव्हा उद्या लेक्चरला कुणी छेद म्हणालं तर हसू नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा, केटी सुटेल!