रंग आडनावाचा माणूस

विषबाधेच्या बातमीचं शेवटचं वाक्य ठरलेलं असतं. व्हिसेरा राखून ठेवला आहे. होटगीहून सोलापूरला येऊन इंटर्नशिप करताना ते मीही टाइप केलंय. पण लॅबमध्ये त्या व्हिसेराचं पुढे होतं काय? त्यात असंख्य पदार्थ मिसळलेले असतात. ते वेगळे केल्याशिवाय पोटात कीटकनाशक होतं की झोपेच्या गोळ्या, हे कळणार कसं? वेगळं करण्याच्या या तंत्राला म्हणतात क्रोमॅटोग्राफी.

ते शोधणारा मिखाईल त्स्वेत विषतज्ज्ञ नव्हताच. तो वनस्पतिशास्त्रज्ञ. जन्म १८७२, इटलीतलं अस्ती गाव. वडील रशियन, आई इटालियन. ती बाळंतपणानंतर लवकरच गेली. तो वाढला आणि शिकला स्वित्झर्लंडमध्ये. १८९६ला जिनिव्हाची डॉक्टरेट घेऊन रशियात गेला, तर तिथे ती डिग्री चालेना. पुन्हा परीक्षा, पुन्हा प्रबंध!

पुढे वॉर्सात त्यानं काचेच्या नळीत खडूची पूड ठासली, वर पानांचा अर्क ओतला आणि द्रावक सोडत राहिला. नळीत हिरवे, पिवळे पट्टे अलग अलग उतरले. १९०३ला त्यानं या कामावर व्याख्यान दिलं, १९०६ला जर्मनीतल्या वनस्पतिशास्त्राच्या जर्नलमध्ये पेपर छापले. गंमत बघा, रशियन भाषेत त्स्वेत म्हणजे रंग.

पण पेपरची दखल फारशी कोणी घेतली नाही. रसायनशास्त्रज्ञांना हातात भरपूर, शुद्ध स्फटिक हवे होते. नळीतल्या चिमूटभर पदार्थावर त्यांचा भरवसा नव्हता. क्लोरोफिलवरच्या कामासाठी १९१५चं नोबेल मिळवणाऱ्या विलश्टेटरनंही ही पद्धत बाजूला सारली. त्स्वेतचं १९१०चं पुस्तक रशियन भाषेत, ते बाहेर किती जण वाचणार? मग महायुद्ध आलं, वॉर्सा सुटलं, तब्येत ढासळली. १९१९मध्ये व्होरोनेझला तो वारला. वय अवघं ४७.

विलश्टेटरनं स्वतःसाठी त्या पुस्तकाचं जर्मन भाषांतर करून घेतलं होतं. तेच पुढे हायडेलबर्गच्या एडगर लेडररच्या हाती पडलं. १९३१ला तिथल्या संशोधकांनी गाजरातले रंग त्याच पद्धतीनं वेगळे केले आणि तंत्र जगभर गेलं. १९५२ला मार्टिन आणि सिंज यांना क्रोमॅटोग्राफीच्याच नव्या प्रकारासाठी नोबेल मिळालं.

तेव्हा जी खोट वाटली, तीच आज विषतपासणीची ताकद आहे. व्हिसेरात विष असतं चिमटीहूनही कमी. मुंबईच्या कलिन्यातल्या न्यायसहायक प्रयोगशाळेपासून जगभरच्या लॅब याच तंत्राच्या नव्या रूपांवर चालतात.

आज आपल्याकडे पेपरची किंमत सायटेशनवर मोजतात. विषशास्त्राच्या पेपरमध्ये क्रोमॅटोग्राफी पानोपानी सापडेल, संदर्भयादीत त्स्वेत क्वचितच. तेव्हा त्याचं नाव घेतलं नाही, कारण काम माहीत नव्हतं. आज घेत नाहीत, कारण ते सगळ्यांनाच माहीत आहे. दोन्ही वेळा आकडा जवळपास शून्यच. म्हणून प्रोजेक्ट करताना कोणाचा पेपर वाचायचा, हे फक्त त्या आकड्यावरून ठरवू नका.