रघुनाथ धोंडो कर्वे

रघुनाथ धोंडो कर्वे (१४ जानेवारी १८८२ – १४ ऑक्टोबर १९५३) हे मराठी लेखक, संपादक, गणिताचे प्राध्यापक आणि संततिनियमन व लैंगिक शिक्षण यांचे भारतातील आद्य प्रचारक होते. स्त्रीशिक्षणाचे कार्य करणारे महर्षी धोंडो केशव कर्वे हे त्यांचे वडील. ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक त्यांनी जुलै १९२७ पासून अखेरपर्यंत, सुमारे सव्वीस वर्षे, जवळजवळ एकहाती चालविले. हस्तमैथुन, वीर्यनाशाची भीती, गुप्तरोग या ज्या विषयांवर घरात, शाळेत आणि वैद्याकडेही मौन पाळले जाई, त्यांवर त्यांनी सरळ मराठीत लिहिले आणि त्यासाठी न्यायालयात दंड भरला.

जन्म व शिक्षण

कर्वे यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूड येथे झाला. आई राधाबाई १८९१ साली बाळंतपणात वारल्या, तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. पुढे १८९३ मध्ये वडिलांनी गोदूबाई (आनंदीबाई) या विधवेशी पुनर्विवाह केला. आईच्या मृत्यूशी मुलाच्या पुढील कार्याचा थेट संबंध जोडण्याचा मोह चरित्रकारांना होतो. तो सर्वस्वी अनाठायी नसला, तरी कर्वे यांचा पिंड भावनेपेक्षा तर्काचा होता हे विसरता येत नाही. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून १८९९ साली ते मॅट्रिकच्या परीक्षेत पहिले आले. फर्ग्युसन महाविद्यालयातून १९०४ साली त्यांनी बी. ए. पदवी घेतली. गणिताच्या उच्च अभ्यासासाठी ते पॅरिसलाही गेले. तेथे जडलेली फ्रेंच भाषेची आवड पुढे त्यांच्या अनुवादांत उतरली.

संततिनियमनाचे कार्य

मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक असतानाच त्यांनी १९२१ साली संततिनियमनाचे सल्लाकेंद्र सुरू केले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र उघडले होते. त्यांचे ‘संततिनियमन’ हे पुस्तक १९२३ साली निघाले. ही मते महाविद्यालयाच्या चालकांना मानवली नाहीत आणि कर्वे यांना नोकरी सोडावी लागली. पत्नी मालतीबाई यांच्या साथीवर संसार चालला. मूल होऊ न देण्याचा निर्णय दोघांचा होता, आणि त्यासाठी कर्वे यांनी स्वतःवर नसबंदीची शस्त्रक्रिया करून घेतली. संततिनियमनाचा मार्ग म्हणून ब्रह्मचर्याचा पुरस्कार करणाऱ्या महात्मा गांधींशी त्यांचा उघड मतभेद होता. कामसुखावर पुरुषाइतकाच स्त्रीचाही हक्क आहे, हे मत तर त्यांच्या काळाला अधिकच असह्य होते.

समाजस्वास्थ्य आणि वाचकांचे प्रश्न

मुखपृष्ठावरील नग्न स्त्रीचित्रांमुळे मासिकाचा बोभाटा झाला. मात्र त्याचा खरा गाभा वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांत होता. त्या काळी तरुणांच्या मनावर एक समज पक्का बसला होता. रक्ताच्या कित्येक थेंबांपासून वीर्याचा एक थेंब तयार होतो, तो वाया गेला की शरीर खंगते आणि पुरुष नपुंसक होतो, असे तो सांगे. आयुर्वेदातील सात धातूंपैकी शेवटचा धातू शुक्र, ही कल्पना लोकसमजुतीत अशी भयाच्या रूपाने उतरली होती. ब्रह्मचर्याची स्तोत्रे गाणाऱ्या पुस्तिका आणि शक्तिवर्धक औषधांच्या जाहिराती दोन्ही बाजूंनी हेच भय पोसत असत. हस्तमैथुनाने आरोग्याला अपाय होत नाही, हे सांगण्याला तेव्हा धैर्य लागे. कर्वे यांनी ते सांगितले.

पुढील वैद्यकाने या समजाचा स्वतंत्रपणे अभ्यास केला. वीर्यनाशाच्या धास्तीने अशक्तपणा, उदासी आणि लैंगिक दुर्बलता जाणवणे, या अवस्थेला मनोविकारतज्ज्ञ न. ना. विग यांनी १९६० साली ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिले. भीतीच आजार घडवते, याचा हा पुरावा होय. तथापि सारी नपुंसकता मनातून येते असे नाही. लिंगाला ताठरता येण्यासाठी रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि संप्रेरके यांचे काम सुरळीत असावे लागते. मधुमेह, उच्च रक्तदाब, रक्तवाहिन्यांचे कठीण होणे, तंबाखू, मद्य आणि काही औषधे यांमुळे ते बिघडते. पहाटे आपोआप ताठरता येत असल्यास कारण बहुधा मानसिक असते. ती येईनाशी झाली, तर रक्तातील साखर, रक्तदाब आणि टेस्टोस्टेरॉन तपासणे योग्य ठरते. कित्येकदा हृदयविकाराची ही पहिली खूण असते. म्हणून लाजेने डॉक्टर टाळणे धोक्याचे आहे. अमेरिकेत १९९८ साली मान्यता मिळालेल्या सिल्डेनाफिल या गोळीने उपचार बदलले. छातीतील कळांसाठी नायट्रेट घेणाऱ्यांनी मात्र ती घेऊ नये, कारण रक्तदाब एकाएकी खाली जातो. मानसिक कारण असल्यास पतिपत्नींचे एकत्र समुपदेशन उपयोगी पडते. कर्वे यांच्या हाती यांतील पुष्कळसे ज्ञान नव्हते. असे असूनही हिंगोलीपासून मुंबईपर्यंत भिंतींवर आजही रंगविलेल्या मर्दानगीच्या जाहिराती पाहिल्या, म्हणजे त्यांनी उत्तरे दिलेले प्रश्न जुने झालेले नाहीत हे ध्यानात येते.

खटले

‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखावरून १९३१ साली कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि त्यांना शंभर रुपये दंड भरावा लागला. दुसरा खटला १९३४ सालचा. मासिकाच्या गुजराती अंकात हस्तमैथुन आणि समलिंगी संबंधांविषयीच्या वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे दिली, हा आरोप होता. या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. मासिक लैंगिक विषयाला वाहिलेले असेल तर वाचक तेच विचारणार, आणि प्रश्न कोणाला विकृत वाटला तरी ती विकृती ज्ञानानेच जाईल, अशी त्यांची मांडणी होती. हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचाही त्यांनी आधार घेतला. न्यायालयाने ते मानले नाही आणि कर्वे यांना दोनशे रुपये दंड झाला. दलित चळवळीत आकंठ गुंतलेल्या आंबेडकरांनी लोकांना न रुचणारा हा दावा का घेतला, हा प्रश्न अभ्यासकांना अजून खुणावतो. त्यातून त्यांची अभिव्यक्तिस्वातंत्र्याविषयीची निष्ठा दिसते, हे उत्तर पटण्याजोगे आहे.

ग्रंथलेखन व अखेर

‘गुप्तरोगांपासून बचाव’, ‘आधुनिक कामशास्त्र’, ‘आधुनिक आहारशास्त्र’ आणि ‘वेश्या व्यवसाय’ हे त्यांचे अन्य ग्रंथ. फ्रेंच कथांचे त्यांनी केलेले अनुवाद आज फारसे वाचले जात नाहीत. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी त्यांचे निधन झाले. समाजस्वास्थ्याचा शेवटचा अंक त्यानंतर, नोव्हेंबर १९५३ मध्ये वाचकांच्या हाती पडला.

य. दि. फडके यांनी त्यांचे चरित्र लिहिले आहे. अमोल पालेकर यांचा ‘ध्यासपर्व’ (२००१) हा चित्रपट आणि अजित दळवी यांनी लिहिलेले, अतुल पेठे दिग्दर्शित ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक त्यांच्याच जीवनावर आधारलेले आहेत.