फॅट्स वॉलर

थॉमस राइट ‘फॅट्स’ वॉलर (२१ मे १९०४, न्यू यॉर्क – १५ डिसेंबर १९४३, कॅन्सस सिटी) हे अमेरिकन जॅझ पियानोवादक, ऑर्गनवादक, गायक व संगीतकार होते. ‘स्ट्राइड’ या पियानोशैलीच्या प्रमुख वादकांमध्ये त्यांची गणना होते. ‘एंट मिसबिहेविन’ व ‘हनीसकल रोझ’ ही त्यांची सर्वाधिक परिचित गाणी होत. ‘फॅट्स’ हे टोपणनाव त्यांना स्थूल शरीरयष्टीमुळे मिळाले.

बालपण

वडील एडवर्ड वॉलर हे बाप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते. आई अ‍ॅडलीन यांना संगीताची उत्तम जाण होती. वडील रस्त्यावर उभे राहून प्रवचन करीत, तेव्हा थॉमस पायपेटीसारख्या छोट्या ऑर्गनवर भजनांची साथ करीत असे. मुलानेही धर्मोपदेशक व्हावे अशी वडिलांची इच्छा होती. जॅझ हे त्यांच्या दृष्टीने सैतानाचे संगीत होते. थॉमसने मात्र शाळा अर्धवट सोडली. हार्लेममधील लिंकन थिएटरात मूकपटांना साथ करणाऱ्या पियानोवादिकेशेजारी बसून तो तिचे वादन न्याहाळत असे. पुढे किशोरवयातच त्याला तेथे ऑर्गनवादकाची नोकरी मिळाली.

पियानोचे शिक्षण

१९२० मध्ये आईचे निधन झाले. वडिलांशी आधीपासूनच मतभेद होते. त्यामुळे वॉलर घर सोडून पियानोवादक रसेल ब्रुक्स यांच्या कुटुंबात राहू लागले. या घरात स्वयंचलित पियानो होता. अशा पियानोत छिद्रे पाडलेल्या कागदाची गुंडाळी बसवतात. पायटे मारले की हवेच्या दाबातील फरकामुळे त्या छिद्रांनुसार पट्ट्या आपोआप खाली जातात. वॉलर गुंडाळीची गती कमी करीत आणि खाली गेलेल्या पट्ट्यांवर बोटे ठेवून त्यांचा माग घेत. जेम्स पी. जॉन्सन यांची ‘कॅरोलिना शाउट’ ही रचना, जी त्या काळी हार्लेममधील पियानोवादकांची कसोटीच मानली जात असे, त्यांनी याच पद्धतीने आत्मसात केली. ड्यूक एलिंग्टन यांनीही वॉशिंग्टनमध्ये हीच रचना अशाच प्रकारे शिकून घेतली होती.

या पद्धतीला एक मर्यादा होती. कोणती पट्टी केव्हा दाबायची हे कागद दाखवतो. ती कोणत्या बोटाने, किती जोराने दाबायची आणि हात कसा न्यायचा हे तो सांगत नाही. स्ट्राइड शैलीत ही उणीव विशेष जाणवते. चार मात्रांच्या आवर्तनात डावा हात पहिल्या व तिसऱ्या मात्रेला खर्जातील स्वर वाजवतो, तर दुसऱ्या व चौथ्या मात्रेला झेप घेऊन पियानोच्या मध्यभागी कॉर्ड (एकाच वेळी वाजवलेला स्वरसमूह) वाजवतो. उजव्या हाताकडे चाल व तिचे अलंकरण असते. जलद लयीत डाव्या हाताची ही ये-जा पट्ट्यांकडे न पाहता अचूक व्हावी लागते. नवशिक्याचा कस येथेच लागतो. थिएटरातील ऑर्गनवर खर्जाचे स्वर पायांनी वाजवण्याची सवय झालेल्या वॉलर यांचा डावा हात तुलनेने कच्चा राहिला होता.

ब्रुक्स यांनी त्यांची जॉन्सन यांच्याशी गाठ घालून दिली. कागदावरून ज्यांची रचना उचलली, तेच आता गुरू म्हणून लाभले. वॉलर जॉन्सन यांच्या घरी मध्यरात्र उलटून जाईपर्यंत रियाज करीत. जॉन्सन यांनी त्यांना ‘रेंट पार्टी’मध्येही नेले. घरभाडे भागवण्यासाठी भाडेकरू प्रवेशशुल्क घेऊन अशा मैफली भरवीत आणि तेथे पियानोवादकांमध्ये चढाओढ लागे. वॉलर यांची खरी परीक्षा झाली ती येथेच. पंजा मोठा असल्याने दहा स्वरांचे अंतर ते सहज कवेत घेत, आणि त्यामुळे त्यांच्या डाव्या हाताला विशेष भरीवपणा आला.

१९२२ मध्ये त्यांचे पहिले ध्वनिमुद्रण झाले. पुढच्याच वर्षापासून ते स्वतः पियानोच्या गुंडाळ्या तयार करून देऊ लागले. लिंकन थिएटरात काउंट बेसी हा होतकरू वादक त्यांच्या पायांजवळ जमिनीवर बसून ऑर्गन शिकला. २७ एप्रिल १९२८ रोजी कार्नेगी हॉलमध्ये जॉन्सन यांच्या ‘यामेक्रॉ’ या रचनेचे एकल पियानोवादन वॉलर यांनी केले. जॉन्सन स्वतः त्या वेळी दुसऱ्या कार्यक्रमात अडकले होते.

कारकीर्द

गीतकार अँडी रझाफ यांच्यासोबत त्यांनी अनेक गाणी रचली. ‘एंट मिसबिहेविन’ १९२९ मध्ये ‘हॉट चॉकलेट्स’ या संगीतिकेतून लोकप्रिय झाले. पैशाच्या बाबतीत मात्र ते बेफिकीर होते. पहिल्या पत्नीच्या पोटगीचा तगादा सतत मागे असल्याने त्यांनी कित्येक गाण्यांचे हक्क किरकोळ रकमेला विकले. पोटगी थकल्याने त्यांना तुरुंगवासही घडला. १९३४ पासून ‘फॅट्स वॉलर अँड हिज रिदम’ या वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रिकांनी त्यांना घरोघरी पोहोचवले. सुमार गाण्यांचीही ते गाता गाता अशी टर उडवीत की ती गाणी श्रवणीय होत. मात्र या विनोदी प्रतिमेमुळे त्यांच्यातील पियानोवादकाकडे श्रोत्यांचे काहीसे दुर्लक्ष झाले. ‘हँडफुल ऑफ कीज’ (१९२९) हे एकल वादन ऐकल्यास त्या वादकाची खरी ओळख पटते.

१९४३ मध्ये ते ‘स्टॉर्मी वेदर’ या चित्रपटात झळकले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कॅलिफोर्नियाहून रेल्वेने न्यू यॉर्कला परतताना कॅन्सस सिटीजवळ न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते ३९ वर्षांचे होते. त्यांच्या गाण्यांवर आधारित ‘एंट मिसबिहेविन’ ही संगीतिका १९७८ मध्ये ब्रॉडवेवर आली व तिला टोनी पुरस्कार मिळाला.