लांजव्हँचं सँडविच

थर्ड इयरच्या सुट्टीत मी तारापूर एमआयडीसीत ट्रेनिंगला होतो. रोज पालघरहून डहाणू लोकल पकडायची आणि बोईसरला उतरायचं. तिथे एक ॲसिडची टाकी तपासायला आली होती. बाहेरून जाड पोलाद, आतून स्टेनलेस स्टीलचा पातळ थर. दोघांची पकड कुठे सुटली असेल तर वरून काहीच कळत नाही. पण सुटलेला थर पुढे चिरला की ॲसिड थेट पोलादाला भिडतं.

तपासणारे काका बाहेरून तेल लावून प्रोब फिरवत होते. पकड चांगली असेल तर आवाज पार आतल्या पृष्ठभागावरून परत येतो, सुटली असेल तर अलीकडच्या सांध्यावरूनच. एके ठिकाणी पडद्यावरचा शेवटचा प्रतिध्वनी गायबच झाला. काकांनी खडूने गोल काढला. ही करामत कुणाची, म्हणून मी लायब्ररी गाठली.

पॉल लांजव्हँ, जन्म १८७२, पॅरिस. पिएर क्युरींचे विद्यार्थी. दाबल्यावर क्वार्ट्झमध्ये वीज निर्माण होते, हे पिएर आणि त्यांचे भाऊ जाक यांनी १८८० साली दाखवलं होतं. पहिल्या महायुद्धात पाणबुड्या जहाजं बुडवू लागल्या, तेव्हा लांजव्हँनी उलटा प्रयोग केला. क्वार्ट्झला वीज देऊन पाण्यात कानाला न ऐकू येणारा आवाज सोडला. क्वार्ट्झचे तुकडे त्यांनी पोलादाच्या दोन पत्र्यांमध्ये चिकटवले. म्हणजे शोधणारं यंत्रसुद्धा थरांचंच! १९१८ मध्ये पाणबुडीचा प्रतिध्वनी मिळाला. धातूतले दोष शोधायला ही युक्ती पुढे इतरांनी वापरली. (गंमत बघा, गुरूचा दुसरा विषय किरणोत्सर्ग. १९६९ साली सुरू झालेलं अणुवीज केंद्रही तारापूरलाच.)

लांजव्हँ फॅसिझमविरुद्ध उघड बोलायचे. १९४० साली जर्मनांनी त्यांना अटक केली, मग त्र्वा गावात नजरकैदेत ठेवलं. १९४२ मध्ये जावई जाक सॉलोमन यांना गोळ्या घातल्या. तोही भौतिकशास्त्रज्ञच. मुलगी एलेनला आउशवित्झला पाठवलं. ती जिवंत परतली. सत्तरी ओलांडलेले लांजव्हँ १९४४ मध्ये निसटून स्वित्झर्लंडला पोचले. सुटकेनंतर पॅरिसला येऊन त्यांनी शाळांच्या सुधारणेची समिती हाती घेतली. १९४६ च्या डिसेंबरमध्ये ते गेले, तेव्हा ते काम अर्धंच झालं होतं.

टाकीवरचा तो गोल मी ट्रेनिंग संपेपर्यंत रोज बघायचो.