आचार्य जगदीशचंद्र बोस

लाजाळूच्या पानास बोट लावताच ते मिटते, हे आमच्या विद्यार्थिमित्रांनी पुष्कळदा पाहिले असेल. येथे बोटाचा स्पर्श हे उद्दीपन व पान मिटणे ही प्रतिक्रिया होय. ज्या बदलामुळे सजीवास काही करणे भाग पडते, त्यास शास्त्रात उद्दीपन म्हणतात. तव्याचा चटका बसताच हात मागे येतो, प्रखर उजेडात डोळ्याची बाहुली लहान होते, ही त्याचीच उदाहरणे. परंतु आंबा, वड ही झाडे स्पर्शाने हालत नाहीत. मग त्यांस काहीच जाणवत नाही काय? या प्रश्नापायी ज्यांनी आपले उत्तरायुष्य वेचले, त्या जगदीशचंद्रांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

त्यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी बंगालात झाला. वडील भगवानचंद्र हे सरकारी अधिकारी असूनही त्यांनी मुलास प्रथम बंगाली शाळेत घातले. तेथे कोळ्याचा मुलगा त्यांच्या शेजारी बसे, व त्याच्याकडून ऐकलेल्या पशुपक्ष्यांच्या गोष्टींनी त्यांच्या मनात सृष्टीविषयी कुतूहल उपजले. पुढे कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजात फादर लाफाँ या मिशनरी गुरूंनी त्यांस प्रयोगाची गोडी लावली. विलायतेत केंब्रिज येथे शिकून ते परतले आणि १८८५ साली प्रेसिडेन्सी कॉलेजात अध्यापक झाले.

तेथे हिंदी अध्यापकास युरोपीय अध्यापकाहून कमी वेतन मिळे. जगदीशचंद्रांनी तक्रारीचा गवगवा केला नाही, की काम सोडले नाही. तीन वर्षे त्यांनी मन लावून शिकविले, मात्र वेतनास हात लावला नाही. घरी वडिलांचे कर्ज असताना हे व्रत सोपे नव्हते. अखेर सरकारने पूर्ण वेतन मागील बाकीसह दिले, आणि त्यातून ते कर्ज फेडण्यास हातभार लागला.

आरंभी त्यांनी विद्युल्लहरींवर संशोधन केले. पुढे ते वनस्पतींकडे वळले. साध्या झाडासही चिमटा, उष्णता वा विजेचा धक्का दिला असता त्याच्या अंगी सूक्ष्म विद्युत्प्रवाह उमटतो, असे त्यांस आढळले. लाजाळूस वारंवार डिवचले तर ती थकते व विसावा मिळाल्यावर पुन्हा ताजी होते. क्लोरोफॉर्म दिल्यास तिची प्रतिक्रिया मंदावते. हे सर्व काजळी धरलेल्या काचेवर झाडाकडूनच रेघांनी लिहवून घेणारी यंत्रे त्यांनी रचली. वाढ हजारो पट मोठी करून दाखविणारा क्रेस्कोग्राफ त्यांचाच.

१९०१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांनी आपला निबंध वाचला. तेव्हा त्या विषयातील थोर पंडित सर जॉन बर्डन सँडरसन यांनी साध्या वनस्पतीत अशी विद्युत्प्रतिक्रिया संभवत नाही असे म्हटले, व तो निबंध छापला गेला नाही. जगदीशचंद्रांनी वाद वाढविला नाही. अधिक काटेकोर प्रयोग केले व ग्रंथामागून ग्रंथ लिहिले. १९१७ साली कलकत्त्यास त्यांनी आपली संशोधनसंस्था उघडली, आणि १९२० मध्ये त्याच रॉयल सोसायटीने त्यांस सदस्यत्व दिले. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे ते निवर्तले.

त्यांची सर्वच अनुमाने टिकली असे नाही. झाडात रस चढतो तो हृदयाप्रमाणे स्पंदन करणाऱ्या पेशींमुळे, हे त्यांचे मत शास्त्रज्ञांनी स्वीकारले नाही. वनस्पतीस आपल्यासारखा मेंदू वा मज्जातंतूही नाहीत. परंतु वनस्पतींच्या अंगी विद्युत्संदेश धावतात, ही गोष्ट आज सर्वमान्य आहे.

आम्हास या चरित्रात एक गोष्ट विशेष वाटते. स्पर्श होताच मिटावे की नाही, हा विचार लाजाळूस करता येत नाही. जगदीशचंद्रांस अन्याय व अविश्वास या दोहोंचा स्पर्श झाला; तरी ते मिटले नाहीत. कोणते उद्दीपन वाट्यास येईल हे आपल्या हाती नसते. त्यास काय उत्तर द्यावे हे मात्र पुष्कळदा असते. विद्यार्थ्यांनी एवढे ध्यानी धरले तर या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.