देवळालीचे गणिताचे मास्तर : द. रा. कापरेकर

शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात जिकडे पाहावे तिकडे आकडे असतात. गोदामांच्या दारांवर, ट्रकांवर, कंटेनरांवर. त्यांतले कोणतेही चार अंक वहीत उतरवून घ्यावेत. चारही सारखे मात्र नसावेत. समजा ३५२४ मिळाले. हे अंक उतरत्या क्रमाने लिहिले की ५४३२, चढत्या क्रमाने २३४५. वजाबाकी केली की ३०८७. पुन्हा तसेच करावे : ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. आणखी एकदा : ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आता पुढे जाता येत नाही, कारण ७६४१ मधून १४६७ वजा केले तरी ६१७४ च उरतात. सुरुवात कोठूनही केली तरी फार तर सात वजाबाक्यांत माणूस येथेच येऊन थांबतो. ही गोष्ट १९४९ साली ज्याच्या ध्यानात आली तो कोणी विद्यापीठातला प्राध्यापक नव्हता. नाशिकजवळच्या देवळालीत मुलांना गणित शिकवणारा तो एक शाळामास्तर होता.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूस झाला. ते आठ वर्षांचे असताना आई वारली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. कुंडली मांडायची म्हणजे आकडेमोड आलीच. मुलाला हिशेबाची गोडी लागली ती तेथून. ज्योतिष काही त्यांनी उचलले नाही, हे बरेच झाले. शाळा ठाण्यात झाली. आपले शाअर हाशामाईम सिनेगॉग १८७९ पासून ज्या गावात आहे, तेच हे ठाणे. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकत असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते बी.एस्सी. झाले. त्यापुढची पदवी त्यांनी घेतली नाही. देवळालीस शिक्षक झाले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले.

शाळा सुटली की त्यांचे खरे काम सुरू होई. पूर्वी डोंबिवली स्टेशनाला डेम्लो म्हणत. तेथे त्यांना १, १२१, १२३२१ अशा चढून उतरणाऱ्या संख्यांचा विचार सुचला, म्हणून त्यांना त्यांनी डेम्लो संख्या हे नाव दिले. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे करून २० आणि २५ मिळवले की पुन्हा ४५. अशा संख्यांना आज जगभर कापरेकर संख्या म्हणतात. आपल्या अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो, ती हर्षद, म्हणजे आनंद देणारी संख्या. हिब्रूत हेथचे ८ आणि योदचे १० मिळून ‘हाय’, म्हणजे जिवंत, याचे १८ होतात हे वर्गाला ठाऊकच आहे. १ आणि ८ मिळून ९, आणि १८ ला ९ ने भाग जातो. म्हणजे आपले १८ हर्षद ठरले.

पण देशातले पुष्कळ गणिती त्यांना हसत. हे संशोधन नव्हे, कोडी आहेत, असे त्यांचे मत. त्यात थोडे तथ्य होते. यातले बरेचसे आपण दहाच्या पटीत आकडे लिहितो त्यावर अवलंबून आहे. लिहिण्याची पद्धत बदलली की ६१७४ ची जादू राहत नाही. तरीही सगळ्या चार अंकी संख्या एकाच ठिकाणी येऊन मिळतात हे त्यांच्याआधी कोणाला दिसले नव्हते, आणि ते पाहायला कागद-पेन्सिलीखेरीज काही लागतही नव्हते. मोठी नियतकालिके दारात उभी करीत नाहीत म्हणून कापरेकर स्वतःच्या खर्चाने पुस्तिका छापत व त्यांवर प्रकाशक म्हणून स्वतःचे नाव आणि देवळालीचा पत्ता घालत. मास्तराच्या पगारात हे कसे बसवीत असतील, याचा विचार केलेला बरा.

त्यांचे लेख ज्यांनी परदेशात छापले, त्यांत ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ हे त्रैमासिक होते. ते न्यूयॉर्कच्या येशिवातून निघे. प्राध्यापक जेकुथिएल गिन्सबर्ग यांनी १९३२ साली ते सुरू केले होते. जेथे तालमूद शिकवला जाई, त्याच संस्थेच्या मासिकात देवळालीच्या मास्तरांच्या आकड्यांना जागा मिळाली.

निवृत्तीनंतर पेन्शन पुरत नसे, म्हणून ते शिकवण्या घेत. १९६६ साली पत्नी वारली. आकड्यांचे काम चालूच होते. मार्च १९७५ मध्ये अमेरिकेच्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले, आणि दूरदूरच्या लोकांना त्यांचे नाव कळले. तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते. १९८६ साली त्यांचे निधन झाले.

तीन अंकी संख्या घेऊन अशाच वजाबाक्या केल्या, आणि पुढे शून्य आले तर तेही धरले, तर शेवटी ४९५ येतात. येथेही तिन्ही अंक सारखे नकोत. विद्यार्थ्यांनी हे करून पाहावे, मात्र शब्बाथ सुटल्यावर.